शेजारधर्म व त्याचा गौरव : इयत्ता चौथीसाठी एक पाठ

ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांची रचना आपल्या शाळांतून मुलांकडून चांगली घोटवून घेतली जाते. सरपंच कोणास म्हणतात, ग्रामसभा केव्हा भरते, हे चौथी-पाचवीचा मुलगा न अडखळता सांगतो. परंतु रात्री घरात कोणास विंचू चावला असता प्रथम कोणाचे दार ठोठावले जाते, हा प्रश्न त्यास वर्गात कोणी विचारीत नाही. वास्तविक त्या मुलाच्या दृष्टीने गाव म्हणजे प्रथम ते दार होय. ग्रामपंचायतीची कचेरी त्याच्या आयुष्यात पुष्कळ उशिरा येते.

ही उणीव भरून काढण्यासाठी शेजारधर्मावर एक पाठ घ्यावा, व त्या पाठाचा शेवट गावातील उत्तम शेजाऱ्यांच्या गौरवाने करावा, असा उपक्रम माझ्या बीटमधील काही शाळांतून करून पाहिला. पहिल्या वर्षी तो फसला. त्या फसण्याचा दोष बव्हंशी माझाच होता, व तो कसा घडला हे सांगितल्यावाचून पुढील पाठटाचणाचा हेतू शिक्षकबंधुभगिनींच्या ध्यानी यावयाचा नाही. म्हणून तो भागही येथे दिला आहे.

प्रथम शेजार म्हणजे काय याचा विचार करू. भिंतीला भिंत लागून असलेले घर हा शेजार खराच; परंतु खेड्यात शेताच्या बांधाला बांध लागलेला शेतकरी हाही शेजारीच असतो. किंबहुना गावातील अधिक भांडणे या दुसऱ्या शेजारातूनच उद्भवतात. दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने बांध कोरीत जाणारा मनुष्य कोणत्या गावात नाही? उलटपक्षी, आपला शेजारी आजारी पडला म्हणून त्याच्याही रानाला पाणी देऊन येणारा मनुष्यही त्याच गावात असतो. मुलांना हे दोन्ही ठाऊक असते. शिक्षकाने ठाऊक नसल्याचा बहाणा करू नये.

शेजारधर्माची जुनी रूपे मुलांना आवर्जून सांगावीत. आगपेटी घरोघर नव्हती तेव्हा चुलीसाठी विस्तव शेजारून आणीत. विरजण आजही शेजारून येते. शेतीच्या कामात तर या धर्माला निश्चित नावे होती. ज्याच्यापाशी एकच बैल आहे अशा दोघांनी बैल एकत्र करून पाळीपाळीने एकमेकांची शेते करावयाची, मनुष्यबळही तसेच फिरवावयाचे, या व्यवहारास सावड म्हणत. काही भागांत यालाच वारंगुळा म्हणतात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात भातखाचरे काढण्यासाठी सर्वांनी मिळून करावयाच्या कामास पडकई हे नाव आहे. या सर्वांहून वेगळी ती इर्जिक. एखाद्याचे बैल दगावले, एखादी विधवा एकटी पडली, पेरणीचा वाफसा निघून चालला आणि शेत तसेच पडले, अशा वेळी गावातील शेतकरी आपापली औते घेऊन एका दिवसात ते शेत उरकून देत. मोबदला एवढाच, की ज्याचे शेत त्याने सर्वांना जेवू घालावयाचे.

सावड आणि इर्जिक यांतील भेद चौथीच्या मुलांना सहज कळतो, असा माझा अनुभव आहे. सावडीत दिलेले परत यावयाचे असते. इर्जिकीत ते परत येईलच असे नाही. दोन्हीही आवश्यक आहेत. सावड हलकी आणि इर्जिक थोर अशी प्रतवारी वर्गात करू नये. ज्या गावात सावड चालते त्याच गावात इर्जिकीला माणसे जमतात. ट्रॅक्टर आल्यापासून दोन्ही प्रथा बऱ्याच ठिकाणी मागे पडल्या आहेत. तेव्हा मुलांनी आजी-आजोबांस विचारून या शब्दांची माहिती मिळवावी, हा स्वाध्याय अवश्य द्यावा. एका मुलाने आपल्या आजोबांच्या सांगण्यावरून, कोणत्या सालच्या इर्जिकीत कोणाकोणाची औते आली होती, ती नावे लिहून आणली. आजोबांना ती सर्वच्या सर्व आठवत होती.

आता एक नाजूक गोष्ट. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर आपल्या गावांनी नेहमीच प्रामाणिकपणे दिलेले नाही. महाडचे चवदार तळे १९२४ साली नगरपालिकेने ठरावाने सर्वांस खुले केले होते. तरीही त्याचे पाणी प्रत्यक्ष घेता यावे यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पुढे १९७०च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ चालविली, याचा अर्थ तोपर्यंतही अनेक गावांत पाणवठे वेगळेच होते. हा इतिहास शेजारधर्माच्या पाठात आला पाहिजे. अन्यथा मुले उत्तम शेजाऱ्याचा शोध आपल्या आळीपुरताच घेतील, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीकडे कोणाचीही दृष्टी जाणार नाही.

गौरवाच्या कल्पनेकडे वळू. सत्कृत्याचा सार्वजनिक सन्मान करणे ही आपणांस अपरिचित गोष्ट नाही. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत चाललेल्या कार्यक्रमात शामियान्यास आग लागली. हरिश्चंद्र मेहरा या चौदा वर्षांच्या बालवीराने आपल्या चाकूने कापड कापून लोकांच्या सुटकेस मदत केली. या घटनेतूनच भारतीय बालकल्याण परिषदेच्या राष्ट्रीय बालशौर्य पुरस्कारांचा उगम झाला. दुसऱ्याचा जीव वाचविणाऱ्यांसाठी १९६१ साली केंद्र शासनाने जीवनरक्षा पदके सुरू केली. आपल्या राज्यात २०००-०१ या वर्षी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, आणि १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. या दोन्ही योजनांत बक्षीस एका व्यक्तीस नव्हे, तर गावास होते. तंटामुक्तीच्या मोहिमेत बांधाचे, वाटेचे, घरगुती कलहाचे दावे सामोपचाराने मिटविणाऱ्या गावांस लोकसंख्येच्या प्रमाणात पुरस्कार देण्यात आले. शेजाऱ्याशी गोडीने राहण्यास राज्य शासनाने बक्षीस ठेवावे, ही घटना मोठी बोलकी आहे.

परंतु आग विझविणे, जीव वाचविणे, तंटा मिटविणे ही कृत्ये दिसणारी आहेत. शेजारधर्माचा मोठा भाग दिसत नाही. येथेच आमची पहिली चूक झाली.

त्या वर्षी असे ठरले, की चौथीच्या मुलांनी ‘आमचा उत्तम शेजारी’ या विषयावर पाच ओळी लिहाव्यात, त्यांतून निवड समितीने तीन नावे काढावीत, आणि प्रजासत्ताकदिनी शाल, श्रीफळ व सन्मानचिन्ह देऊन त्यांचा सत्कार करावा. समितीत शाळेचे मुख्याध्यापक, गावातील दोन प्रतिष्ठित गृहस्थ व मी होतो. मुलांचे कागद आले. मी ते चाळले. बहुतेक कागदांवर अगदी किरकोळ गोष्टी होत्या. कोणी दूध तापवून देतो, कोणी पावसात वाळवण उचलून ठेवतो. एका मुलीचा कागद मला आजही शब्दशः आठवतो : “आई बाबा कारखान्याला गेले की समोरच्या काकू माझी वेणी घालतात. म्हणून मी शाळेत येते.” दोनच ओळी. पाच ओळींची अट पुरी झाली नव्हती. मी तो कागद बाजूला ठेवला. ज्यांनी शाळेस पाण्याची टाकी दिली होती त्या सद्गृहस्थांचे नाव पहिले आले. त्यांचे दान खरे होते, त्याबद्दल त्यांचा सत्कार होणे योग्यच होते. परंतु तो देणगीदार म्हणून व्हावयास हवा होता. उत्तम शेजारी म्हणून त्यांचे नाव एकाही मुलाने लिहिलेले नव्हते.

फेब्रुवारीत मी पुन्हा त्या शाळेस भेट दिली. हजेरीपट पाहताना त्या मुलीच्या नावापुढे सलग अकरा दिवस गैरहजेरी दिसली. तिच्या धाकट्या भावाचीही तीच स्थिती. वर्गशिक्षिकेने मुलांस विचारले, तेव्हा एक मुलगा उत्तरला, “बाई, तिची वेणी घालायला कोणी नाही.” वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. आम्ही दोघे त्या घरी गेलो, तेव्हा सर्व उलगडा झाला. मुलीचे आई-वडील ऊसतोडणीस गेलेले. घरी आजी, पण तिची दृष्टी अधू. समोरच्या घरातील बाई शिवणकाम करून पोट भरणाऱ्या. नातेही नाही, जातही एक नाही. दिवाळी उरकून टोळी निघाली, की दररोज सकाळी त्या आपल्या दारातून या पोरांना हाक मारीत, मुलीची वेणी घालीत, मुलाची गुंड्या तुटलेली चड्डी शिवून देत, आणि दोघेही शाळेच्या वाटेला लागेपर्यंत दारात उभ्या राहत. पाडवा होऊन आई-बाप परत येईतो हा क्रम चाले. असे तीन हंगाम झाले होते. त्या महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी त्या परगावी गेल्या, आणि दोन मुलांची शाळा बंद पडली.

स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या गळतीविषयी आपण दरवर्षी तक्ते भरतो. हंगामी वसतिगृहे उघडतो, मुलांना गावी ठेवण्याबद्दल पालकांची समजूत घालतो. ही सर्व कामे झालीच पाहिजेत. परंतु त्या तक्त्यातील दोन मुले तीन वर्षे शाळेत टिकली ती कोणामुळे, हे तक्त्यात कोठेही नव्हते. ते एका कागदावर होते, आणि तो कागद मी स्वतःच्या हाताने बाजूला ठेवला होता. बाई परतल्यावर मुलेही शाळेत आली. पण मुलीचा भागाकार मात्र मागे राहिला, आणि तो पुरा करून घेण्यास वर्गशिक्षिकेस एप्रिल उजाडला.

दुसऱ्या वर्षी पाठाची संपूर्ण फेरमांडणी केली. जुन्या पिढीतील शिक्षकांस हर्बार्टची पंचपदी परिचित आहे. तिचाच आधार घेतला, परंतु तिचे अवडंबर माजविले नाही. प्रस्तावनेत ‘उत्तम’, ‘आदर्श’, ‘थोर’ हे शब्द कटाक्षाने टाळले. हे शब्द फळ्यावर आले, की मुले मोठी माणसे शोधू लागतात. त्याऐवजी बाईंनी विचारले :

“काल संध्याकाळपासून आत्तापर्यंत तुमच्या घरी शेजारून काय आले?”

हात वर झाले. कढीपत्ता आला. मोबाइलचा चार्जर आला. शिडी आली. “आमच्याकडे शिव्या आल्या,” असे एकाने सांगितले, आणि तेही बाईंनी फळ्यावर लिहिले.

“आणि तुमच्या घरातून शेजारी काय गेले?”

या दुसऱ्या प्रश्नाला वर्ग क्षणभर थबकला. आपल्याकडे काय आले हे मुलांस आठवते. काय गेले याचा विचार करावा लागतो. फळ्याचे दोन भाग करून ‘आले’ आणि ‘गेले’ अशा दोन याद्या तयार झाल्या. एकाच वस्तूचे नाव दोन्ही बाजूंस दिसू लागल्यावर हेतुकथन वेगळे करण्याची आवश्यकताच उरली नाही. तेथूनच सावड व इर्जिक या शब्दांकडे जाता आले. विषयविवेचनाचा हा भाग एका तासिकेत उरकत नाही. दोन दिवस द्यावेत, पाणवठ्याचा इतिहास दुसऱ्या दिवशी घ्यावा.

उपयोजनासाठी मुलांना घरी विचारण्यास तीनच प्रश्न दिले. आपण अडचणीत असताना न बोलावता कोण आले? आपल्या घरातील म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाकडे आपल्यावाचून आणखी कोण लक्ष देते? आणि, कोण नसेल तर आपले रोजचे एखादे काम अडेल? तिसरा प्रश्न मला त्या अकरा दिवसांनी शिकविला. ओळींची अट काढून टाकली. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी तोंडी सांगावे, शिक्षकांनी लिहून घ्यावे. मुलांना एकमेकांच्या वस्तीत पाठवून एक-एक मुलाखत घेण्यास सांगितले. ओढ्याच्या अलीकडचा व पलीकडचा अशी जोडी मुद्दाम लावली. या जोड्या लावताना एका पालकाने कुरकुर केली. मुख्याध्यापकांनी त्यांना घरी बोलावून चहा दिला व शांतपणे समजावले; पुढे काही अडले नाही.

निवड करताना नावे झाकून ठेवली. केवळ कृत्ये मोठ्याने वाचली, आणि ‘हे काम थांबले तर कोणाचे काय अडेल’ एवढ्याच कसोटीवर मुलांनी मत दिले. प्रतिष्ठित गृहस्थांची समिती ठेवली नाही. मुलांची निवड आपल्या निवडीहून वेगळी येते. प्रौढ माणसे एकदाच केलेल्या मोठ्या उपकारास मान देतात. मुले दररोजच्या लहान कामास देतात. त्या वर्षी निवडलेल्या पाच जणांत एक पंक्चर काढणारा तरुण होता, कारण तो शेजारच्या अपंग मुलाची तीनचाकी दर सोमवारी हवा भरून दारात आणून ठेवी. दोन भाऊही होते. त्यांचा शेजाऱ्याशी बांधावरून कोर्टात दावा चालू होता, तरीही त्याच शेजाऱ्याच्या आजारी गाईची धार काढून ते दूध त्याच्या घरी पोहोचवीत. या नावाबद्दल गावात थोडी चर्चा झाली. दावा चालविणारा मनुष्य उत्तम शेजारी कसा, असा आक्षेप आला. मुलांचे म्हणणे असे पडले, की दावा बांधाचा आहे, गाईचा नाही. मला त्यात भर घालण्यासारखे काही सुचले नाही.

काही गोष्टींविषयी मात्र शिक्षकांनी कडक सावधगिरी बाळगावी. मुलांच्या कागदांत घरातील लाजेच्या, दुःखाच्या गोष्टी येतात. बाप दारू पिऊन आला की आम्ही अमक्यांच्या घरी झोपतो. किंवा घरात दाणा नव्हता तेव्हा तमकीने पीठ दिले. अशा प्रसंगी मदत करणारी व्यक्ती निःसंशय गौरवास पात्र असते, पण तिचा गौरव जाहीर केल्याने मदत घेणाऱ्याची अब्रू जाते. असे कागद वर्गात वाचू नयेत. शिक्षकांनी स्वतः जाऊन त्या व्यक्तीस खाजगीत दोन शब्द सांगावेत, एवढे पुरे. कागदावरून मुलास धोका असल्याची शंका आली, तर तो कागद गौरवाचा विषयच राहत नाही. मुख्याध्यापकांस त्वरित कळवावे. तसेच ज्याचा गौरव करावयाचा त्याची आणि ज्यास मदत झाली त्याची, दोघांचीही संमती आधी घ्यावी. रोख रक्कम देऊ नये. पैशाचे बक्षीस लावले, की पुढील वर्षी अर्ज येऊ लागतात. इच्छुक उमेदवारांनी शेजारधर्म पाळण्याची घाई निवडणुकीच्या वर्षी फार होते, हेही नमूद करून ठेवतो.

शिवणकाम करणाऱ्या बाईंचे नाव त्या वर्षी मुलांनी एकमताने निवडले. त्यांनी व्यासपीठावर येण्यास साफ नकार दिला. “वेणी घातली म्हणून कुणी बक्षीस घेतं का, गुरुजी? लोक काय म्हणतील?” असे त्या म्हणाल्या. आग्रह करण्याचा मोह मला झाला होता, तो आवरला. मग मुलांनीच मार्ग काढला. व्यासपीठ रद्द करून पाचही जणांच्या दारी जावयाचे ठरले. शाल-श्रीफळाऐवजी शाळेच्या परसबागेतील एकेक रोप, आणि ज्या मुलाने नाव सुचविले त्याच्याच शब्दांत व त्याच्याच अक्षरात लिहिलेले पत्र. भाषण नाही. ध्वनिक्षेपक नाही. मुलाने पत्र वाचावयाचे आणि सर्वांनी पुढच्या घरी जावयाचे. एका दारी पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला नाही. त्या बाईंच्या दारी मात्र थोडा उशीर झाला, कारण पत्र वाचून झाल्यावर त्यांनी मुलीला जवळ ओढून तिची सुटलेली रिबीन पुन्हा बांधली.

खर्च असा काहीच नाही. रोपे शाळेची, कागद शाळेचा. सन्मानचिन्हांस पहिल्या वर्षी लागलेल्या रकमेत त्या वर्षी चौथीच्या वर्गासाठी शब्दकोश आले.

हा पाठ केव्हा घ्यावा याविषयी एक सूचना. पाठ व चौकशी दिवाळीच्या सुटीपूर्वी करावी, म्हणजे तोडणीस जाणाऱ्या घरांतील मुले व पालक गावातच सापडतात. कोणते मूल कोणाच्या भरवशावर मागे राहणार आहे, याची यादी याच चौकशीतून मिळते. ती वर्गशिक्षकांनी हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी, आणि तो शेजारी काही दिवस परगावी जाणार असल्याचे कळताच दुसरी व्यवस्था आधी पाहावी. गौरव १ मे रोजी करावा. त्या दिवशी निकाल असतो, ग्रामसभा असते, व कारखान्यावरून आलेली माणसे बहुधा घरी परतलेली असतात. पत्रे मुलांनी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच लिहावीत. शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दाखवाव्यात, वाक्ये मात्र बदलू नयेत.